बर्डी ते गाविलगड: तोफांच्या वाटेवर कॅराव्हॅन

विदर्भातल्या मराठे-इंग्रजांच्या मोठ्या लढायांच्या तारखा बघा. अडगाव 29 नोव्हेंबर 1803, गाविलगड 15 डिसेंबर 1803, सीताबर्डी 26-27 नोव्हेंबर 1817. सगळ्या दिवाळीनंतरच्या. पावसात काळी माती चाकाला थरावर थर चढते आणि तोफगाडे जागीच रुततात. साडेतीन टनांच्या कॅराव्हॅनलाही हाच नियम लागू, म्हणून नागपूरहून निघायचं तर याच दिवसांत.

सुरुवात अर्थात बर्डीपासून, म्हणजे नागपुरातल्या सीताबर्डीपासून, पण गाडी मुक्कामी ठेवून मेट्रोने जा; त्या गर्दीत एवढं धूड फिरवण्यात अर्थ नाही. किल्ला लष्कराकडे आहे आणि सर्वसामान्यांना आत सोडतात ते 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला. ओळखपत्र जवळ ठेवा. आता दिसतो तो किल्ला लढाईनंतर इंग्रजांनी बांधला. नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य इंग्रजांवर चालून आलं तेव्हा इथे नुसत्या दोन टेकड्या होत्या. 27 तारखेला सकाळी अरब शिपायांनी धाकटी टेकडी घेतली, तिथून थोरली माऱ्यात आली आणि इंग्रजांचं धाबं दणाणलं. वर उभं राहून दोन टेकड्यांमधलं अंतर तेवढं बघा.

अडगाव अकोटच्या पश्चिमेला. स्मारकाच्या शोधात जाऊ नका, बघायचं ते सपाट शिवार. लढाई दुपार कलल्यावर सुरू झाली आणि पाठलाग चांदण्यात चालला. तूर-कपाशी उभी असते, त्यामुळे गाडी डांबरावरच ठेवा. ओलिताच्या हरभऱ्यालगतचा बांध वरून कोरडा दिसतो, पण मागचं चाक तिथेच बसतं.

चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाला मात्र पूर्ण दिवस द्या. इंग्रज सेनापती वेलस्ली दक्षिणेला होता, पण तिकडचा चढ उभा, म्हणून खरा हल्ला उत्तरेकडून झाला. त्यासाठी दुसरा इंग्रज अधिकारी स्टीव्हन्सन याच्या फौजेने डोंगरात रस्ता करत, जड तोफा हातांनी ओढत गडाच्या उत्तरेचं लबाडा गाव गाठलं. जेमतेम 30 मैल, पण 7 डिसेंबरला निघून पोचायला 12 उजाडला. बाहेरच्या तटाला खिंडार पडलं. आतल्या तटाला मात्र शिड्या लावाव्या लागल्या. आपणही चिखलदऱ्याच्या पठारावरूनच गडाकडे येतो, त्यामुळे उत्तरेची ही बाजू पायांनाच कळते.

खरी परीक्षा उतरताना. चिखलदरा ते परतवाडा सुमारे 700 मीटर उतार आहे. साडेतीन टन गाडी फक्त ब्रेकवर उतरवली तर जवळपास 70 लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता ब्रेकमध्ये जाते. ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल स्पंजासारखं दबतं. चढताना लागला तोच गिअर उतरताना ठेवा, दुसरा किंवा तिसरा. ब्रेक थोडा दाबा, सोडा, सतत पाय ठेवू नका. जळकट वास आला की रुंद जागा बघून अर्धा तास थांबा, चाकांवर पाणी ओतू नका. वर मुक्काम झाला असेल तर निघण्याआधी पाण्याची टाकी रिकामी करा: 100 लिटर म्हणजे 100 किलो, आणि अर्धवट भरलेली टाकी वळणावर हिंदकळते.

गड मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे. दाराशी चूल मांडून रात्र काढायचा बेत आखू नका. गाडी चिखलदऱ्यात, हॉटेलच्या आवारात विचारून लावा. डिसेंबरात वर कडाक्याची थंडी पडते, पण शेगडी पेटवून दारं-खिडक्या बंद करून झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जाड रजई घ्या.