चावरी म्हणून आणलेली मादी

सरपटणाऱ्या प्राण्यांची पशुवैद्य म्हणून काम करताना ‘साप अचानक चावरा झाला’ ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. परंतु त्या दुपारी एक गृहस्थ आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीसह आले, तेव्हा तक्रारीबरोबर निर्णयही तयार होता. झाकणाची पेटी टेबलावर ठेवून, खुर्चीत बसण्याआधीच ते म्हणाले, “डॉक्टर, हिने मला दोनदा चावा घेतला. हिला दुसरीकडे कुठे देता येईल का, एवढेच विचारायला आलो आहे.” मुलगी काही बोलली नाही, मात्र पेटीवरचा हात तिने काढला नव्हता.

पेटीत बॉल पायथन जातीची सात वर्षांची मादी होती, आणि त्यातली पाच वर्षे ती याच घरात वाढली होती. पश्चिम व मध्य आफ्रिकेतला हा अजगर धोका जाणवला की डोके वेटोळ्यांच्या आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो आणि त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले आहे. लपून बसणे हाच ज्याचा पहिला बचाव, असा साप पाच वर्षे हातात शांत राहून अवघ्या तीन आठवड्यांत फुत्कारू आणि चावू लागतो, हे ऐकल्यावर मला तिच्या स्वभावापेक्षा तिच्या शरीराविषयी शंका आली.

मी पेटी लगेच उघडली नाही. सापाला बाहेरचा कान नसला तरी जबड्याच्या हाडाशी जोडलेल्या आतल्या कानातून त्याला जमिनीची कंपने चांगली जाणवतात, त्यामुळे वाहनातून झालेला प्रवास त्याच्यासाठी अखंड हादराच असतो. पेटीवर कापड टाकून मी खोलीतला दिवा मंद केला आणि ती निवळेपर्यंत माहिती घेत बसले.

चावा कसा घेतला, हे मी सर्वांत आधी विचारते. भक्ष्य समजून घेतलेल्या चाव्यात साप पकड सोडत नाही, उलट हाताभोवती वेटोळे आवळू लागतो. याचे कारण बहुधा हाताला उंदराचा वास लागलेला असणे किंवा पेटीत हात केवळ खाऊ घालण्याच्या वेळीच येत असणे, हे असते. अशा सापाला बाहेर काढण्यापूर्वी हुकाने, म्हणजे साप उचलण्याच्या वाकड्या टोकाच्या काठीने, अंगावर हलका स्पर्श केला, तर आता खाणे नाही हे तो काही दिवसांत शिकतो. बचावाचा चावा वेगळा असतो. मान इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी मागे खेचली जाते, फुत्कार होतो, आणि तरीही समोरचा हटला नाही तर क्षणभर दात लावून साप लगेच मागे सरतो. त्याला काही पकडायचे नसते, समोरच्याला दूर करायचे असते. दोन्हींना एकच उपाय लावला की हमखास बिघडते.

“लगेच सोडले,” मुलगी म्हणाली, “आणि कोपऱ्यात जाऊन गोळा झाली.” थोडा विचार करून तिने पुढे सांगितले, “दोन्ही वेळा बाबांनी पोटाखाली, मागच्या बाजूला हात घातला होता.” वडिलांच्या हे लक्षात आलेले नव्हते, आणि चावा बसल्यावर आपला हात नेमका कुठे होता हे कुणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून मला तिचे ते वाक्य फार मोलाचे वाटले.

कोणाच्या तरी सल्ल्यावरून वडील दोन आठवडे जाड चामडी हातमोजे घालून तिला रोज अर्धा तास धरून ठेवत होते. सवय मोडेल, असे त्यांना सांगण्यात आले होते. हा सल्ला मला अतिशय अपायकारक वाटतो. मोज्यांमुळे माणसाची भीती कमी होते खरी, पण आपण किती दाब देत आहोत हे हाताला कळेनासे होते. शिवाय झटापट करून दमलेला साप निश्चल झाला की माणूस त्याला ‘शांत झाला’ असे समजतो, आणि सापाच्या अनुभवात मात्र हात म्हणजे सुटका नसलेले संकट ही नोंद पक्की होत जाते. याच कारणासाठी आमच्याकडील तपासणीपत्रावर ‘आक्रमक’ हा शब्द मी लिहू देत नाही. सापाने काय केले, केव्हा केले आणि त्या वेळी त्याला कुठे स्पर्श झाला होता, एवढेच लिहावे, असा माझा आग्रह असतो.

वीस मिनिटांनी मी झाकण बाजूला केले. वरून झेपावणारा हात शिकारी पक्ष्यासारखा भासतो म्हणून मी बाजूने, तिच्या जिभेच्या हालचालीकडे पाहत हुक आत नेला आणि शरीराच्या पुढच्या एक-तृतीयांश भागाखाली घातला. ती उचलली गेली, जीभ लपलपत राहिली, फुत्कार नव्हता. मानेखाली आणि पुढच्या भागाखाली माझा हात तिने स्वीकारला. मात्र दुसरा हात मागच्या भागाला आधार द्यायला पोटाखाली पोहोचताच तिचे सारे अंग आखडले, मान मागे गेली आणि तिने माझ्या मनगटावर तोंड मिटूनच एक ठोसा दिला. दात लावण्याची संधी असताना तिने ते लावले नाहीत. मी हात तिथेच थांबवला, मग हळूहळू काढून घेतला आणि तिला टेबलावर टेकू दिले.

डोळे स्वच्छ होते. कात टाकण्यापूर्वी सापाचे डोळे निळसर धुरकट होतात, दिसणे कमी होते आणि एरवी शांत असलेला सापही चटकन दचकतो. पण इथे ते कारण नव्हते. तोंडात पू किंवा सूज नव्हती, श्वासात घरघर नव्हती, खवल्यांखाली गोचिडीसारखे बारीक किडे नव्हते. यानंतर तिचा पुढचा भाग मुलीच्या हातांवर ठेवून मी मागचा भाग किंचित वळवला. पोटाचे रुंद खवले तांबूस तपकिरी झाले होते, दोन ठिकाणी फोड आले होते आणि एका ठिकाणी कातडी सुटून ओलसर जखम दिसत होती. ते भाजल्याचे व्रण होते.

“पण थर्मोस्टॅट लावलेला आहे,” वडील म्हणाले, आणि पेटीतली ऊब ठरावीक ठेवणारे ते उपकरण खरेच बसवलेले होते. मुलीने पिशवीतून एक वही काढली, जिच्यात तिने पाच वर्षांचे खाणे, वजन, कात आणि पेटीची सफाई तारखेनिशी लिहून ठेवली होती. पहिल्या फुत्काराच्या चार दिवस आधीची नोंद होती : ‘पेटी पूर्ण रिकामी करून धुतली, नवा भुसा घातला.’ वडिलांनी घरी फोन करून तिच्या राहण्याच्या पेटीचे छायाचित्र मागवले. तापमान मोजणाऱ्या संवेदकाचे टोक हीट मॅटवर, म्हणजे ऊब देणाऱ्या विजेच्या चटईवर, असण्याऐवजी थंड बाजूच्या भिंतीशी लोंबकळत होते. थर्मोस्टॅटला पेटी सतत गारच वाटत होती आणि तो मॅट तापवतच राहिला होता. या जातीला उबदार बाजूला साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस तापमान पुरते. त्या मॅटवरचा पेटीचा तळ त्याहून कितीतरी अधिक तापला असणार. भाजेपर्यंत ती तिथेच का बसली, असे वडिलांनी विचारले. पोटाखालच्या अति तापलेल्या पृष्ठभागावरून साप वेळेवर बाजूला होत नाहीत, हे आम्ही वारंवार पाहतो, आणि त्यातच तिची लपण्याची एकमेव जागा त्याच मॅटवर होती.

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे मी रोज तिला तिथेच धरत होतो.”

मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. जखम धुऊन मलम लावले, वेदनाशामक दिले, पुढच्या उपचारांच्या तारखा ठरवल्या. भुसा जखमेत चिकटतो म्हणून पेटीत साधा कागद अंथरायला, संवेदक पक्का चिकटवून पृष्ठभागाचे तापमान रोज स्वतंत्र तापमापकाने पाहायला आणि थंड बाजूलाही लपायला जागा द्यायला सांगितले. हाताळणी केवळ मलमापुरती, मोज्यांशिवाय. चावा बसलाच तर हात झटक्याने ओढू नये, कारण मागे वळलेल्या दातांनी जखम अधिक फाटते आणि सापाचे दात मोडतात, हेही बजावले. तिला दुसरीकडे देण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

पोटाच्या खवल्यांची झीज एका कातीत भरून येत नाही. दुसऱ्या कातीनंतर ते तिला दाखवायला घेऊन आले, तेव्हा व्रण फिकट झाले होते आणि वजन पूर्वीइतके भरले होते. मी मुलीला मागच्या भागाखाली हात घालायला सांगितले. मादीचे अंग आखडले, मान थोडी मागे गेली. मुलीने हात न हलवता वाट पाहिली. काही वेळाने जीभ पुन्हा लपलपू लागली आणि तिच्या शरीराचा भार हळूहळू मुलीच्या तळव्यावर उतरला. वडिलांनी वही उघडली, तारीख घातली आणि मुलीला विचारले, “नेमके काय लिहू?”