जुन्या गाडीचं पत्राकाम : आधी ताकद, मग रंग, शेवटी वॅक्स

प्रीमियर पद्मिनी असो की मारुती ८००, या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याच्या पोकळ पेट्या स्पॉट वेल्डने जोडलेली बॉडी हीच त्यांची चासी. त्यामुळे दरवाजाखालची रनिंग बोर्डची पेटी सडली की सगळी गाडी ढिली पडते. हा गंज आतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बहुतेक वेळा गेलेला असतो.

तपासायला मोठी यंत्रं लागत नाहीत. गाडी सपाट जागेवर लावा, दरवाजाच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजून ठेवा. मग सस्पेन्शनच्या जागेखालून पुढचं एक चाक जॅकने उचला आणि फट पुन्हा मोजा. फट बदलली किंवा दरवाजा अडकायला लागला, तर बॉडी पिळतेय. लोहचुंबक कापडात गुंडाळून रनिंग बोर्डवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुटी) भरलेली आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका : चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो.

पुण्यात पाणी आत शिरण्याची एक ठरलेली वाट आहे. गाडी गुलमोहराखाली उभी असते. त्याची बारीक पानं वायपरखालच्या जाळीतून आत पडतात, कुजून त्यांचा काळा चिखल होतो आणि पाणी जायचं भोक बुजतं. मग जुलैतलं पाणी डॅशबोर्डमागून थेट फ्लोअरवर उतरतं आणि मॅटखालच्या नमद्यात मुरून बसतं. वरून मॅट कोरडी लागते, खाली पत्रा ओलाच. म्हणून पत्राकाम सुरू करण्याआधी ही वाट शोधून बंद करा. नाहीतर नवा फ्लोअरही त्याच जागी सडेल.

वेल्डिंगआधी बॅटरी सोडा, पेट्रोलची टाकी आणि सीएनजीचा सिलिंडर उतरवा, सीट, मॅट, नमदा काढून टाका. रनिंग बोर्ड कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत २५ × २५ मिमी चौकोनी पाइपचा आडवा आणि तिरका आधार टाका. गाडी चारही सस्पेन्शनच्या जागांवर स्टँडवर ठेवा, मधोमध जॅक नको. चौकटीचे दोन्ही कर्ण लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू कापा. हे टाळलं की गाडी मधून खचते, त्याच स्थितीत वेल्ड होते आणि पुढे दरवाजे कधीच नीट बसत नाहीत.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) घ्या : फ्लोअरला २० गेज, रनिंग बोर्डला १८ गेज. पुण्याजवळ भोसरीकडे बेंडिंग मशीनवर मापाप्रमाणे घड्या मारून मिळतात. हातोडीने वाकवलेल्या पेटीला तशी सरळ धार येत नाही. ‘मजबूत होईल’ म्हणून २ मिमीची पट्टी मारू नका. पातळ पत्रा वितळून भोक पडतं, आणि सगळा ताण पट्टीच्या कडेला येऊन पुढची चीर तिथेच जाते. सडक्या पत्र्यावर नवा पत्रा चढवणं तर सरळ फसवणूक आहे, कारण दोन पत्र्यांमध्ये ओल कायमची अडकते. चकचकीत, वेल्ड धरणाऱ्या पत्र्यापर्यंत कापा.

गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा वेडावाकडा होतो, म्हणून सीओटू (मिग) वेल्डिंग वापरा, ०.८ मिमी वायरवर. जिथे कारखान्याचे स्पॉट होते तिथे वरच्या पत्र्याला ८ मिमीची भोकं पाडून ती वेल्डने भरा, अंतर ३० ते ४० मिमी. दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे आधी झिंकचा वेल्ड-थ्रू (ज्यावरून वेल्ड करता येतो असा) प्रायमर लावा.

मूळ ताकद परत आली की बहुतेक गाड्यांना आणखी काही लागत नाही. तरी जादा मजबुती करायचीच असेल, तर जोडावर २० मिमी वेल्ड, ४० मिमी मोकळी जागा, असं टाके घातल्यासारखं करत जा. सुरुवात सस्पेन्शनच्या माउंटिंगपासून, पद्मिनीत मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरपासून. सलग वेल्ड मारला तर पत्रा ताणला जातो. चासी नंबरला हात लावू नका. १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीत आरटीओत तो वाचता आलाच पाहिजे.

आता गंज. उरलेल्या खड्ड्यांवर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर. सुटा गंज वायर ब्रशने काढल्यावरच. काम झालं की त्याचा अंश पुसून घ्या, कारण त्यावर एपॉक्सी नीट धरत नाही. उघड्या पत्र्यावर टू-पॅक (दोन भाग मिसळून लावायच्या) एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, पत्रा साफ केला त्याच दिवशी. नुसत्या रेड ऑक्साइडवर विसंबू नका, तो ओल आत झिरपू देतो. जोडांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. घरगुती सिलिकॉन नको. आंबट वासाचं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं आणि पत्रा खातं. हे सगळं मार्च ते मेमध्ये उरका. पावसाळी हवेत घासलेला पत्रा काही तासांत तांबूस होतो.

पोकळ पेट्यांमध्ये आतून फवारायचं गंजरोधक कॅव्हिटी वॅक्स अगदी शेवटी, वेल्डिंग आणि रंग पूर्ण झाल्यावर. आधी भरलं तर ठिणगीने पेट घेतं. लांब लवचीक नळी आणि चारी बाजूंना फवारणारा नोझल वापरा. नळी टोकापर्यंत सारा आणि फवारत हळूहळू मागे ओढा. खालच्या भोकातून वॅक्स ठिबकायला लागलं म्हणजे ते सगळीकडे पोहोचलं. छोट्या गाडीला साधारण २ लिटर लागतं. दुसऱ्या दिवशी दुसरा हात द्या आणि खालची भोकं तारेने मोकळी करा. बाहेरून जाड डांबरी कोटिंग फक्त निरोगी, प्रायमर लावलेल्या पत्र्यावर. गंजावर मारलं की ते सुटतं, मागे पाणी धरून ठेवतं आणि आतलं सडणं वर्षानुवर्षं कळत नाही. जळकं इंजिन ऑइल फवारण्याची जुनी पद्धत सोडा, त्याने सस्पेन्शनचे रबरी बुश फुगतात.

दर एप्रिलमध्ये दरवाजांची आणि रनिंग बोर्डची भोकं तारेने उघडा, वायपरखालची जाळी काढून पानं साफ करा, मॅट उचलून फ्लोअरला हात लावून पाहा. दोन पावसाळ्यांनी वॅक्सचा आणखी एक हात द्या.