तुम्ही विचारलंत म्हणून : ही मुलं कॅमेऱ्याकडे बघत कशी नाहीत?

विदर्भात, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत माझा फोटो स्टुडिओ आहे. पोट लग्नांवर चालतं, पण भिंतीवर लग्नं नाहीत, पोरं आहेत. टायर पळवणारी, चिंचेवर चढलेली, कंच्यांवर, म्हणजे गोट्यांवर, नेम धरून मातीत पालथी पडलेली. अल्बम निवडायला आलेली मंडळी चहा येईपर्यंत त्या भिंतीसमोर उभी राहतात आणि मग ठरलेला प्रश्न येतो. "भाऊ, हे पोट्टे तुमच्याकडं काहून पाहून नाही राह्यले? लपून काढता का?" पुण्या-मुंबईचे पाहुणे तेच जरा वेगळं विचारतात : मुलं इतकी मोकळी कशी मिळतात, कॅमेरा कोणता, लेन्स कोणती. समोर गिऱ्हाईक असलं की मी "त्यांना सवय झाली आहे माझी" एवढंच म्हणतो. ते अर्धं उत्तर झालं. उरलेल्या अर्ध्याला वेळ लागतो, म्हणून निवांत लिहितो आहे.

आधी लपण्याचं. खेड्यात लपता येत नाही. पारापाशी मोटरसायकल उभी केली की कोण आलं, कोणाकडे आलं, हे पाच मिनिटांत गावभर होतं. आणि येत असतं तरी मी लपलो नसतो. कुंपणाआडून लांबच्या लेन्सने पोरांचे फोटो घेणाऱ्या माणसाला गावाने हटकलं पाहिजे, असंच माझं मत आहे.

मी उलट करतो. गेल्या गेल्या सगळ्यांसमोर कॅमेरा काढतो आणि पहिला अर्धा तास पोरांना देऊन टाकतो. "काका माहा काढा", "माहा अन् याचा संग काढा", दोन बोटं वर, छाती पुढे, शाळेत कवायतीला उभं राहावं तसं. सगळे फोटो काढतो, एकालाही नाही म्हणत नाही. मग मागच्या पडद्यावर दहा डोकी एकमेकांवर आदळतात, कोणाचे डोळे मिटले यावर भांडण होतं. पुढच्या खेपेला ४ बाय ६ चे प्रिंट घेऊन जातो, ज्याचा त्याला देतो. हे कधीही चुकवत नाही. फोटो काढून नेला आणि परत आणून दिला नाही, तर पोरं ते वर्षभर विसरत नाहीत. तिसऱ्या खेपेपर्यंत माझ्यात बघण्यासारखं काही उरत नाही. "फोटोवाले काका आले" म्हणून कोणीतरी ओरडतं आणि डाव पुढे सुरू राहतो.

आता दुसरं अर्धं. ते मला एका आठ-नऊ वर्षांच्या पोराने शिकवलं. त्याला कॅमेरा हवा होता. पट्टा त्याच्या गळ्यात घातला, डोळा कुठे लावायचा ते दाखवलं. त्याने बटण दाबलं आणि कॅमेरा खाली घेऊन म्हणाला, "काका, दाबलं का अंधार होते!"

बरोबर बोलला होता. माझ्यासारख्या डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक आरसा तिरपा बसवलेला असतो. लेन्समधून आलेला उजेड त्याच्यावर आपटून वर जातो, तिथून वळून आपल्या डोळ्यात येतो, म्हणून आपल्याला अगदी लेन्सला दिसतं तेच दिसतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर म्हणजे आतला पडदा उघडतो, फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर उजेड पडतो आणि तेवढा वेळ डोळ्यासमोर काळोख. त्या कॅमेऱ्याचा तो 'खटॅक' आवाज बराचसा आरशाचाच. याचा अर्थ असा की जो क्षण फोटोत येतो, तो फोटो काढणाऱ्याला दिसलेलाच नसतो. आणि 'व्वा!' म्हणावं असं काही आत दिसलं, तर समजा की ते गेलं.

त्यात आपल्या बोटाची गत बघा. डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो. मोकळ्या वावरात धावणारं पोरगं सेकंदाला चार मीटर सहज जातं, म्हणजे तेवढ्यात ते पाऊण मीटर पुढे निघून गेलेलं असतं. बटण दाबून धरलं तर माझा कॅमेरा सेकंदाला पाच फोटो काढतो. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण दोन फोटोंच्या मध्येही तोच पाचवा भाग निसटतो. म्हणून बोट आधी दाबावं लागतं. आणि आधी दाबायचं तर पुढे काय होणार ते माहीत हवं, म्हणजे खेळ माहीत हवा. नुसता बघून नाही, नियमांसकट. हल्ली मिररलेस कॅमेरे आलेत, त्यांत आरसाच नाही. कंपन्यांनीही नवे डीएसएलआर आणणं जवळजवळ थांबवलं आहे. पण आरसा गेला म्हणून आपलं बोट वेगवान होत नाही.

डाबडुबली घ्या. पुण्या-मुंबईकडे सूरपारंब्या म्हणतात तो खेळ. झाडाखाली गोल आखायचा, एकाने पायाखालून काठी लांब भिरकवायची, ज्याच्यावर दाम, म्हणजे राज्य, आहे त्याने ती आणून गोलात ठेवायची. तोवर बाकीचे झाडावर. मग दामवाला त्यांना शिवायला धावतो आणि बाकीचे, न शिवता, खाली येऊन काठी उडवायला बघतात. नव्या माणसाचा कॅमेरा हटकून शेंड्यावर जातो, कारण सगळ्यात उंच चढलेलं पोरगं तिथे असतं. ते पोरगं घाबरून वर गेलेलं असतं आणि पंधरा मिनिटं तिथेच बसणार असतं. डावाचा निकाल लागतो सगळ्यात खालच्या फांदीवर. तिथे दोन्ही हातांनी लोंबकळून, पायाचा अंगठा जमिनीकडे ताणून कोणीतरी टपलेलं असतं. नजर जमिनीवर नसते, दामवाल्याच्या पाठीवर असते. त्याने पाठ वळवली की हात सुटणार. म्हणून मी त्या लोंबकळणाऱ्या मुलीकडे बघतच नाही. फोकस गोलातल्या काठीवर आधीच बांधून ठेवतो आणि दुसऱ्या उघड्या डोळ्याने दामवाल्याचे खांदे बघतो. खांदा फिरला की बटण.

हे कळायच्या आधी मी एक वाईट चूक केली होती. एका पोराची सुरेख उडी हुकली, म्हणून त्याला ओरडून म्हणालो, "अरे, पुन्हा एकदा मार तशीच!" तो फांदीवर थबकला, माझ्याकडे बघितलं आणि तेवढ्यात शिवला गेला. "तुमच्यापायी दाम आला ना काका माह्यावर!" संध्याकाळपर्यंत तो दाम देत राहिला. मी तिथेच बसून होतो. त्यानंतर 'पुन्हा एकदा' हे शब्द मी फक्त लग्नात, हार घालताना वापरतो.

प्रत्येक खेळाची अशी खालची फांदी वेगळी असते. गिल्लीदांडूत गिल्लीच्या मागे लागू नका. ती इतकी लहान आणि इतकी वेगात जाते की फोटोत एक काडी दिसते. ती झेलायला वर बघत मागे मागे जाणारी पोरं बघा. भोवऱ्यात दोरीचा शेवटचा वेढा सुटताना मनगट मागे ओढलं जातं, तिथे थांबायचं. कंचे खेळणारी पोरं अंगठा टेकून खाली वाकतात, तेव्हा आपणही मातीत पालथं पडायचं, कपड्यांची पर्वा करायची नाही. उभ्याने काढलेल्या फोटोत नुसते केस येतात.

आता उजेडाकडे येतो, कारण आमच्याकडचा उजेड आणि आमची माती यांचं गणित वेगळं आहे. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. तूर निघाली, पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, उपटल्या की वावर काळंभोर पसरतं. त्या काळ्या मातीत शाळेचा पांढरा सदरा घालून पोरगं धावलं की मीटरला वाटतं, फार अंधार आहे. तो उजेड वाढवतो आणि सदरा नुसता पांढरा डाग होऊन बसतो. म्हणून वावरात मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायचं चाक, उणे दोन-तृतीयांशावर ठेवतो, कधी उणे एकवर. झाडाखाली नेमकं उलटं. फांदीतल्या पोराच्या मागे आकाश असतं, मीटर दिपतो आणि तोंड काळं येतं. तिथे अधिक एक, कधी त्याहून थोडं जास्त. डाबडुबली खेळताना पोरं झाडावरून वावरात पळतात, तेव्हा माझा अंगठा त्या चाकावरून हलत नाही.

काळी माती उजेड गिळते, परत फेकत नाही. त्यामुळे दुपारी डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली सावल्या गडद पडतात. तेच पोर चुन्याच्या भिंतीपाशी किंवा धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, वाळल्या गवतापाशी आलं की चेहरा खालून उजळतो. एप्रिल-मे महिन्यांत तर दहानंतर चार-साडेचारपर्यंत कॅमेरा काढायचाच नाही. पारा ४५ च्या घरात असतो आणि शहाणी पोरं तेव्हा सावलीतच असतात. आमच्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे सुट्टीच्या संध्याकाळी भरपूर मिळतात. पाच ते पावणेसात. धूळ उडते, सूर्य तिच्या मागे जातो आणि धावणाऱ्या पायांभोवती सोनेरी धूर उभा राहतो. त्या धुळीत लेन्स मात्र बदलू नये, ती आत शिरते आणि प्रत्येक फोटोच्या आकाशात ठिपके देत राहते. मी घरूनच एक लेन्स लावून निघतो. बहुतेक वेळा ५० मिलिमीटरची, एफ १.८ वाली. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, त्यावर ती ७५ सारखी वागते आणि मला पोरांपासून चार-पाच पावलांवर उभं राहायला भाग पाडते. ते अंतर चांगलं आहे, बोलता येतं.

शटर किती वेळ उघडं ठेवता, असं विचारणारेही पुष्कळ. धावणाऱ्या पोरासाठी १/१००० सेकंद. तेवढ्यात ते चार मिलिमीटरच सरकतं. टायर पळवणाऱ्यासाठी मात्र मी १/६० वर येतो आणि कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवतो. टायरची नक्षी फिरलेली हवी, थांबलेला टायर कोणाला बघायचा आहे? दहातले आठ फोटो वाया जातात, जाऊ द्यावेत.

वर्षातून एक दिवस मी लग्नाचं कामसुद्धा घेत नाही, तो तान्ह्या पोळ्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापला लाकडी नंदी सजवून ओढत निघतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. आभाळ बहुधा भरलेलं असतं, त्यामुळे उजेड मऊ, सावल्या नाहीत. जाणकार सगळे नंदीच्या झुलीचे फोटो काढतात. झूल सुंदर असतेच, पण त्या नंदीची चाकं लहान आहेत आणि रस्ता चिखलाचा आहे हे लक्षात ठेवा. दर दहा पावलांना तो अडकतो किंवा कलतो. म्हणून पोरगं चालताना सारखं मागे वळून बघतं, आपला बैल पडला तर नाही ना. मी खड्ड्याच्या पुढे जाऊन, गुडघ्यावर बसून वाट बघतो. चाक खड्ड्याशी आलं की मान वळणार, हे मला ठाऊक असतं.

काही फोटो मी काढत नाही. नदीत पोहणारी उघडी पोरं नाही. हरून रडणारं पोर नाही. आणि आईला विचारल्याशिवाय एकही फोटो त्या भिंतीवर गेलेला नाही. काढताना पोराने हो म्हटलं होतं, हे पुरेसं नाही. भिंतीवर लागणं म्हणजे काय, ते त्याला कुठे माहीत असतं?

राहिलं एक. भिंतीवर सगळे खेळ आहेत, रेसटीप, म्हणजे लपाछपी, कुठे आहे, असं मागे एका ताईंनी विचारलं होतं. डिसेंबरात दिवस साडेपाचच्या आसपास मावळतो. शाळेतून येऊन दप्तर टाकेपर्यंत उजेड संपत आलेला असतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, ३२०० वर नेऊन मी अजून वीस मिनिटं काढतो. रेसटीप नेमका तेव्हा सुरू होतो, लपायला अंधार बरा म्हणून. पण अडचण अंधाराची नाही. पहिल्याच दिवशी एक पोरगी तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगामागे लपली होती. मी लेन्स तिकडे वळवली आणि दामवाला सरळ तिथे जाऊन तिला टीप देऊन आला. दुसऱ्या डावात पुन्हा तेच. तिसऱ्याला ती पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, तुम्ही जिकडं पाह्यता, तो तिकडंच येते."

या एकाच खेळात सगळी पोरं माझ्याकडे बघतात. म्हणून रेसटीप सुरू झाला की मी कॅमेरा पिशवीत घालतो आणि भिंतीकडे तोंड करून बसतो.