उचलीची वही

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या मशीनशॉपमधून साहेब निवृत्त झाले तो महिन्याचा शेवटचा दिवस, म्हणजे पगाराचा. हारतुरे दुपारी 4 ला होते, पण अकाउंट्सची धावपळ सकाळी 8 पासूनच सुरू होती.

डायरेक्टरपदाचा राजीनामा त्या मानाने सोपा. कंपनीला पत्र मिळालं तो दिवस किंवा पत्रात दिलेली तारीख, यातलं जे नंतरचं तेव्हा तो लागू होतो. 30 दिवसांत कंपनी रजिस्ट्रारकडे डीआयआर-12 हा फॉर्म भरला की झालं. खोळंबा होतो तो बाकीच्या ठिकाणी. पीएफ पोर्टलवर डिजिटल सही साहेबांचीच. ती बदलायची तर विनंतीपत्र छापून, सही-शिक्का मारून पीएफ ऑफिसात द्यावं लागतं, आणि मंजुरी येईपर्यंत कामगार पोरांचं केवायसी अडकून पडतं. जीएसटीचे ओटीपी त्यांच्या खासगी मोबाइलवर. कायद्याप्रमाणे कंपनीच्या कारखान्याचा 'ऑक्युपायर', म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडे तो, डायरेक्टरच लागतो, म्हणून ताईंचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं नाव आधीच लावून घेतलं होतं. कॅश क्रेडिटला, म्हणजे रोजच्या धंद्यासाठीच्या बँकेच्या कर्जाला, दिलेली वैयक्तिक गॅरंटी मात्र राजीनाम्याने सुटत नाही. बँक लेखी मोकळं करेपर्यंत माणूस बांधलेलाच. हे भल्याभल्यांना ठाऊक नसतं.

एवढं करूनही गाडी अडलीच. ताईंची सही पॅनकार्डावरच्या सहीशी जुळेना, म्हणून बँकेने नवा मॅंडेट, म्हणजे खात्यावर सही कुणाची चालेल ते पत्र, परत पाठवला. पगाराची बॅच मी टाकायची आणि मंजुरी साहेबांची, अशी व्यवस्था. शेवटी निवृत्तीच्या दिवशीसुद्धा दुपारी 12 च्या आत त्यांनीच ती मंजूर केली. कायद्याने पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत मुभा असते, पण आमच्याकडे ती कधी कुणी वापरली नाही.

कॅंटीनमध्ये जेवताना जुन्या फिटरने ताईंना विचारलं, "ताई, वही कुणाकडे राहणार?"

वही म्हणजे लाल कापडी बांधणीचं रजिस्टर. नाव, रक्कम, हप्ते. कारणाचा रकाना नाही. 10,000 पर्यंत उचल, पाच हप्त्यांत फेड, पहिली फिटल्याशिवाय दुसरी नाही. हे पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ॲडव्हान्स' म्हणून बसतं. फक्त एकूण कपात पगाराच्या निम्म्यावर जाऊ द्यायची नाही. पीएफ आणि इतर कपाती धरून बघितलं तर ही मर्यादा वाटते तितकी लांब नसते.

आदल्या आठवड्यात मी नोंदी चढवत होतो, पण ताळा लागेना. कुठल्याही वर्षाचं पान काढा, जूनच्या हप्त्याचा रकाना कोरा. मला वाटलं नोंदी राहिल्या. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "अहो, जूनला शाळा सुरू होतात ना." इतकी वर्षं पगार काढतोय, हा नियम कधी कानावर आला नव्हता. पोरांना मात्र पाठ होता.

कार्यक्रम अर्ध्या तासात उरकला. टूलरूमने पितळेचा पेपरवेट टर्न करून दिला. साहेबांनी खिशातून मायक्रोमीटर काढून तिथेच व्यास मोजला आणि म्हणाले, "20 मायक्रॉन जास्त आहे." रडायला आलेली माणसंही हसली.

जुनी वही त्यांनी दिली नाही. "त्यात लोकांची नावं आहेत, तुम्ही कोरी आणा." दुसऱ्या दिवशी मी कोरं रजिस्टर आणलं. ताईंनी आधी रकाने आखले, मग जूनच्या रकान्यावर स्वतः आडवी रेघ मारली.