तुम्ही विचारलंत म्हणून : पण त्यांना आणलं कुणी?

"तुमचं सगळं लहानपण तमिळनाडूत गेलं. तिथं कधी परकं वाटलं नाही? आणि मग आता आपल्याकडं एवढे बिहारी आलेत, त्याचं तुम्हाला काय वाटतं?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, भिशीत, बेदाण्याच्या सौद्याला, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडं तोंड उघडं असताना विचारला गेलाय. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं. 'तिथली माणसं फार चांगली' असं तरी म्हणावं, नाहीतर 'आपणच लई सोसतो' असं तरी. मी दोन्ही म्हणत नाही, मग विषय बदलतो. आज जरा सविस्तर लिहिते.

गलाई म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण पुण्यामुंबईच्या लोकांना अजूनही ते नीट माहीत नसतं. सांगली जिल्ह्यातले खानापूर-विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पलीकडचे साताऱ्यातले माण-खटाव हा सगळा पाऊस हुलकावणी देणारा पट्टा. इथली माणसं जुनं सोनं मुशीत वितळवून, तेजाबात टाकून चोख करून देण्याच्या धंद्यात शिरली. एक जण गेला, त्यानं भावाला नेलं, भावानं मेहुण्याला, मेहुण्यानं शेजारच्या पोराला. असं करत केरळपासून पंजाबपर्यंत जिथं सराफ बाजार, तिथं विट्याकडचा माणूस.

माझे वडील १९६८ साली कोइमतूरला गेले. एक लांबचे चुलते घेऊन गेले होते. पोचल्या पोचल्या त्यांनी बजावलं, रस्त्यात हिंदी बोलायचं नाही. १९६५ चं हिंदीविरोधी आंदोलन तिथं अजून ताजं होतं. मराठीही हळूच बोलायची, कारण ऐकणाऱ्याला दोन्हीतला फरक कळायचा नाही. गंमत अशी, की तेव्हा इकडं मुंबईत 'लुंगी हटाव' चाललं होतं. शिवसेना १९६६ मध्ये निघाली आणि दाक्षिणात्यांनी मराठी पोरांच्या नोकऱ्या खाल्ल्या, हाच तिचा सुरुवातीचा मोठा मुद्दा होता. वडील मात्र राजा स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत लुंगी नेसून भट्टीपुढं बसलेले. तिथले लोक आम्हाला 'सेट्टू' म्हणायचे. म्हणजे शेठ. महिनाअखेरीला वाण्याकडं उधारी मागणारा शेठ.

परकं वाटायचं का? रोज नाही वाटायचं. ठरावीक दिवशी वाटायचं. घर बदलायची वेळ आली की वाटायचं. कुठं घरफोडी झाली की वाटायचं, कारण पोलीस आधी गलाईवाल्यांच्या दुकानात यायचे. चोरीचं सोनं तिथंच वितळतं असा समज होता, आणि तो प्रत्येक वेळी खोटा नसायचा, हेही सांगते. शेजाऱ्यांची तक्रार तर पूर्ण खरी होती. तेजाबाचा तो तांबूस-पिवळा धूर गल्लीभर पसरायचा. वरच्या मजल्यावरच्या पाट्टीला, म्हणजे आजीबाईंना, खोकल्याची ढास लागायची. त्या वरून ओरडायच्या, आई खाली मान घालून ऐकून घ्यायची. पण त्याच पाट्टीनं आईला एकदा बाजारात नेऊन 'चोळम' दाखवलं. आई दर खेपेला विट्याहून ट्रंकेत ज्वारीचं पीठ घेऊन जायची, आणि तिथं चोळम म्हणून ढीगभर ज्वारी विकायला! सहा वर्षं तिला पत्ता नव्हता. त्या दिवशी आईनं थापलेली भाकरी पाट्टीनं खाल्ली नाही, पण थापताना शेवटपर्यंत बघत बसली. धुराबद्दल ओरडायचंही तिनं कधी बंद केलं नाही. मला हे नातं अजून प्रामाणिक वाटतं.

१९९३ मध्ये लग्न होऊन मी तासगावच्या पूर्वेला द्राक्षपट्ट्यात आले आणि सासरी 'मद्राशीण' झाले. माझ्या मराठीला हेल होता. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित म्हणून मोजले गेले, आणि त्यांत सगळ्यात मोठा वाटा लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्यांचा, म्हणजे आम्हा बायकांचा होता. ही गोष्ट मी पंगतीत सांगितली की पुरुष हसतात, बायका हसत नाहीत.

आता बिहाऱ्यांचं. आमची सव्वादोन एकर बाग आहे. ऑक्टोबरात छाटणी होते, लगेच डोळे, म्हणजे कोंब, फुटायला काड्यांना पेस्ट लावायची, मग फेलफुटी, म्हणजे घड नसलेल्या फुटी, काढायच्या, विरळणी, घड कपात धरून जीएत, म्हणजे वाढीच्या औषधात, बुडवायचे. सगळं हातानं आणि सगळं तारखेवर. एक दिवस चुकला तर वर्ष चुकतं. ह्या कामाला पूर्वी गावातल्या आणि जतकडच्या बायका असायच्या. जतकडच्या आपसात कानडी बोलायच्या, पण त्यांना परप्रांतीय म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. २०२२ मध्ये बायकांनी हजेरीला ५० रुपये वाढवून मागितले. मी म्हटलं, बघू. त्याच आठवड्यात शेजारच्या बागेत काम करणाऱ्या बिहारी टोळीचा मुकादम आला आणि एकराचं उक्तं, म्हणजे ठोक रकमेचं काम, ठरवून गेला. पहाटे सहाला सुरुवात, उन्हाची सुट्टी नाही, मुक्काम आमच्या विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत. हिशेब केला तेव्हा हजेरीपेक्षा स्वस्त पडलं. पोरं अठरा ते पंचवीस वयाची. त्यातल्या एकानं दुसऱ्याच दिवशी मला विचारलं, "भाभी, सरसों का तेल कहाँ मिलेगा?" तासगावात मिळालं नाही, सांगलीहून आणून दिलं. बाटलीचं झाकण उघडून त्यानं आधी नुसता वास घेतला, आणि मला एकदम आईची ट्रंक आठवली. त्यांचा छठचा सण आला की निम्मी टोळी गाडी पकडून जाते, मग मी आणि मालक, म्हणजे माझे यजमान, उरलेल्या ओळींकडं बघत बसतो.

पुढच्या वर्षी आमच्या जुन्या बायकांतली एक जण वाटेत भेटली. तीस वर्षं आमच्या बागेत राबलेली. कट्ट्यावरची मंडळी बिहाऱ्यांना शिव्या देत होती, ते ऐकूनच ती आली असावी. म्हणाली, "वैनी, त्या पोरांस्नी आमी कशापाय शिव्या दिऊ? ती काय चालत आली व्हय? त्यास्नी आणलं कुणी? आमचा दर वाढू नये म्हणून तुमीच आणलं न्हवं का?"

मला उत्तर देता आलं नाही. ती बोलली ते शब्दाला शब्द खरं होतं. त्या वर्षीही बायकांची हजेरी आदल्या वर्षीएवढीच राहिली होती, आणि त्याचा फायदा माझ्या वहीत दिसत होता.

तेव्हापासून माझं सगळं मत ह्याच एका प्रश्नाभोवती फिरतं. 'आपली पोरं आळशी झाली, म्हणून बाहेरची लागतात' हे वाक्य गावात सगळ्यांत जास्त आम्ही बागायतदारच म्हणतो. ते आम्हाला सोयीचं आहे. पोरं आळशी नाहीत, त्या पैशात ती येत नाहीत. आणि कट्ट्यावर परप्रांतीयांच्या नावानं ओरडणाऱ्यांतल्या कितीतरी जणांच्या बेदाणा शेडवर आत्ता कोण झोपलंय, ते मला ठाऊक आहे.

बाहेरच्यांनी आपल्याला किती दिलं हे सांगायला काही जण लगेच मिरजेचा दाखला काढतात. गवई खाँसाहेब अब्दुल करीम खाँ उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे, मिरजेत राहिले, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. सगळं खरं आहे, दर्ग्यातल्या उरुसाचं गाणं मी स्वतः ऐकलंय. पण द्राक्षाचे घड बुडवणाऱ्या पोरानं इथं राहायला खाँसाहेब कशाला व्हायला हवं? राज्यघटनेच्या १९ व्या कलमात देशात कुठंही जाऊन राहायचा हक्क दिलाय, तो गाणं येणाऱ्यालाच असं कुठं म्हटलेलं नाही.

माझा भाचा कॅनडात ओंटारिओत शिकतोय, सहा जण एका तळघरात राहतात. कॅनडानं १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकता हे सरकारी धोरण म्हणून जाहीर केलं, जगात सगळ्यांत आधी. तिथंही वारं फिरलंय. तिथल्या एन्व्हायरॉनिक्स ह्या संस्थेच्या पाहणीत २०२२ मध्ये २७ टक्के लोक म्हणत होते की बाहेरून फार लोक येतात. २०२४ मध्ये ५८ टक्के म्हणाले. दोन वर्षांत तिथल्या माणसांचा स्वभाव बदलला असं मला वाटत नाही. घरभाडी भडकली. परदेशी विद्यार्थ्यांकडून तिथल्या मुलांच्या कितीतरी पट फी मिळते, म्हणून कॉलेजांनी त्यांना भरभरून बोलावलं होतं. २०२३ मध्ये त्यांचा आकडा दहा लाखांवर गेला, आणि जानेवारी २०२४ मध्ये सरकारनं परवान्यांवर मर्यादा घातली. तोवर बसमध्ये टोमणे मात्र माझ्या भाच्याला ऐकावे लागले, कॉलेजच्या संचालकांना नाही. माझी बहीण फोनवर रडली, "तिकडची माणसं किती वाईट गं." तिची सांगलीजवळ कुपवाडला एक खोली भाड्यानं द्यायची आहे. गेल्या महिन्यात दोन बिहारी पोरं एमआयडीसीतून विचारायला आली होती. तिनं सांगितलं, फॅमिलीलाच देतो. मी त्यावर काही बोलले नाही. सख्ख्या बहिणीला फोनवर काय बोलायचं?

भाऊ अजून कोइमतूरलाच आहे. मार्च २०२३ मध्ये तमिळनाडूत बिहारी मजुरांना मारहाण होतेय असे व्हिडिओ पसरले. ते खोटे निघाले, पण तोवर तिरुपूरच्या कारखान्यांतली कितीतरी पोरं भीतीनं स्टेशनवर जाऊन बसली होती. भावाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकानं त्याला विचारलं, "तुम्हीपण वडक्कनच ना?" वडक्कन म्हणजे उत्तरेकडचा. पंचावन्न वर्षं दुकान आहे तिथं. भावानं अस्खलित तमिळमध्ये त्याला सोन्याचा टंच, म्हणजे कस, सांगितला आणि पैसे घेतले.

तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडं असलेलं उत्तर एवढंच. यंदा छाटणीच्या आधी मी बायकांना घरी बोलावलं. चहा झाला. त्यांनी हजेरीचा आकडा सांगितला, मालकांनी माझ्याकडं बघितलं, मी वहीकडं. दोन दिवसांत सांगते म्हटलं. काल संध्याकाळी मुकादमाचा फोन आला, "भाभीजी, इस बार कितने लड़के लाएँ?" त्यालाही मी तेच सांगितलंय.