मनगटावरचा वाळा

रविवार, रात्री साडेअकरा

तीन आठवडे डोक्यात एकच विषय घोळत होता, आज तो मार्गी लागला म्हणून झोपायच्या आधी लिहून ठेवतेय. चाळिशी आली आणि लक्षात आलं की मी आजवर एकही परफ्यूम स्वतः निवडलेला नाही. कॉलेजात होते तेव्हा काका मस्कतहून आणायचे तो, लग्नात आत्याने दिला तो, मग नवऱ्याने एअरपोर्टवर घेतला तो, जे हातात आलं ते लावत गेले. साडी घ्यायची तर मी चार दुकानं पालथी घालते आणि जो वास दिवसभर अंगावर वागवायचा तो मात्र कायम दुसऱ्याच्या पसंतीचा. खरंच खटकलं मला हे.

सुरुवात चुकलीच. ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या अंगाला मोगऱ्यासारखा सुंदर वास येतो, तिला नाव विचारलं आणि मॉलमध्ये जाऊन कागदाच्या पट्टीवर हुंगून पाच मिनिटांत तोच घेऊन आले, चांगली मोठी बाटली. दुसऱ्या दिवशी लावून निघाले तर ठाणं जाईपर्यंत ठीक होतं, दादर येईपर्यंत इतका गोडमिट्ट झाला की माझंच डोकं उठलं, आणि शेजारी उभी असलेली बाई पदर नाकाला लावून होती ते बघून फार वाईट वाटलं, कारण लेडीज डब्यात श्रावणातल्या दमट हवेत कोणाला सरकायलाही जागा नसते, आपला वास दुसऱ्याने का सोसायचा.

मग जरा वाचलं, समजून घेतलं. लिंबू-संत्र्यासारखे हलके वास सगळ्यात आधी उडतात, पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात. मग फुलं नि मसाले वर येतात ते दोन-चार तास, आणि शेवटी खाली उरतं ते चंदन, कस्तुरी, व्हॅनिला, वाळा असलं जड काहीतरी. म्हणजे मॉलमध्ये मला जे आवडलं ते घरी पोचायच्या आत संपलेलं होतं, दिवस काढायचा होता तो तळाच्या व्हॅनिलाबरोबर, आणि तो मी हुंगलाच नव्हता. शिवाय कागदाला ना घाम येतो ना तो तापतो. मैत्रिणीची त्वचा कोरडी, तिच्यावर वास लवकर विरतो, माझी तेलकट, माझ्यावर तो चिकटून बसतो, त्यात ती एसी गाडीने येते आणि मी डोंबिवलीपासून उभी.

त्यामुळे दुसऱ्या वेळी काहीही विकत न घ्यायचं ठरवूनच गेले. एका वेळी दोनच, एक या मनगटावर, एक त्या, आणि मनगटं एकमेकांवर घासायची नाहीत. तिसरा-चौथा हुंगला की नाक काही सांगेनासंच होतं. काउंटरवर कॉफीच्या बिया ठेवतात त्याने मला काडीचा फरक पडला नाही, त्यापेक्षा स्वतःच्या कोपराच्या आत नाक घालून श्वास घेतला की बरं वाटतं, तो वास आपल्या ओळखीचाच असतो ना. तिथे एका बाटलीवर व्हेटिव्हर लिहिलं होतं. हात पुढे केला तर ती मुलगी म्हणाली, मॅडम हे मेन्समध्ये येतं. तरी मारून घेतला आणि बाहेर येऊन तासाभराने मनगट नाकाशी नेलं तर थेट वाळा! आजोळच्या माठात बुडवलेली वाळ्याची जुडी. नंतर कळलं की व्हेटिव्हर हा शब्द मुळात तमिळ, वेट्टिवेर. आपल्याकडचंच मूळ, पार फ्रेंच बाटलीत बसून पुरुषांच्या कपाटात पोचलंय. गवताच्या मुळाला कसलं आलंय बाईपण नि पुरुषपण, मला हे अजिबात पटलं नाही.

त्या बाटलीत वाळ्याबरोबर आफ्टरशेव्हसारखं एक तिखट काहीतरी होतं, ते नको होतं. म्हणून गेल्या शनिवारी मस्जिद स्टेशनला उतरून मोहम्मद अली रोडवर अत्तराच्या दुकानात गेले. म्हातारे चाचा होते. आधी त्यांनी मिट्टी नावाचं अत्तर दाखवलं, उत्तर प्रदेशातल्या कन्नौजचं. तिथे भाजलेल्या मातीचा वाफारा चंदनाच्या तेलात उतरवतात. पहिल्या पावसाचा वास अगदी, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पण हातावर दोन तासांत नुसता चंदनाचा पुसट वास राहिला, पाऊस गेला होता. केवडा तर माझ्यावर उग्रच होतो, गौरीला वाहायला छान, अंगावर नाही. मग त्यांनी हिरवट रंगाची बारकी कुपी काढली, रूह खस. रूह म्हणजे चंदनात न उतरवलेला, निव्वळ वाळ्याचा अर्क, आणि हिरवा रंग येतो तो तांब्याच्या देगेमुळे, म्हणजे अर्क काढायच्या भांड्यामुळे, असं ते म्हणाले. काचेच्या काडीने मनगटावर एक ठिपका लावला आणि म्हणाले, "अभी मत लीजिए, शाम को सूंघिए, कल सूंघिए, फिर आइए." विकायला बसलेला माणूस घेऊ नका म्हणतो याचं मला फार अप्रूप वाटलं. कापसाला लावून फायाही दिला बरोबर.

तो फाया पुरवून पुरवून तीन दिवस वापरला. पहिल्या तासात वास कच्चा असतो, ओल्या मातीसारखा, थोडा कडवट, आणि तेवढ्यावर निर्णय घेतला असता तर नक्की नाही म्हटलं असतं. दुपारपर्यंत घाम येऊन तो मऊ होत जातो. उकाड्यात गोड वास अंगावर येतात, हा मात्र गार वाटतो, निदान मला तरी. तिसऱ्या दिवशी ऑफिसात मला स्वतःला काहीच येईना, वाटलं उडाला. पण नाकाला सवय झाली की आपल्याला आपलाच वास कळत नाही, म्हणून अजून थोडा लावूया असं मनात आलं होतं ते टाळलं.

संध्याकाळी घरी आले, ओढणी खुर्चीवर टाकली आणि हातपाय धुवायला गेले. बाहेर आले तर लेक ओढणी तोंडावर घेऊन बसलेली. म्हणाली, "आई, माठातलं पाणी सांडलं का गं तुझ्यावर?"

आज जाऊन तीन मिलीची कुपी घेऊन आले. कपाटात आत, अंधारात ठेवलीये.