एकच पाथ, दोन फाइली

पतसंस्थेतल्या हेड कॅशियर मॅडमचा फोन आला की मी आधी घड्याळ बघायचो. "अहो, पुन्हा बाहेर फेकलं हो सगळ्यांना! कर्जाचा अर्ज अर्ध्यावर होता." लॉगिन जायचं, भरलेला फॉर्म जायचा आणि मिनिटभरात सगळं सुरळीत. संस्थेचं हे वेब सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो, पण आमच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलीत) एररचा मागमूस नाही.

मॅडमनी मात्र वेळा डायरीत टिपून ठेवल्या होत्या. सोमवारी सकाळी ११, मंगळवारी दुपारी ४, मग चिडीचूप. पुढच्या सोमवारी संध्याकाळी ५. पहिल्या दोन वेळांत अंतर २९ तासांचं. तेच पुढे मिळवत गेलो: बुधवार रात्री ९, शुक्रवार पहाटे २, शनिवार सकाळी ७, रविवार दुपारी १२. या चारही वेळा संस्था बंद. आणि पाचवी बरोब्बर सोमवारी ५ ची!

आयआयएस, म्हणजे विंडोजचा वेब सर्व्हर, वापरणाऱ्यांनी एव्हाना ओळखलं असेल. त्यातला ॲप्लिकेशन पूल (वेबसाइट चालवणारी प्रोसेस सांभाळणारा भाग), वेगळं काही सांगितलं नसेल तर, दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, आपोआप रिसायकल होतो: जुनी प्रोसेस बंद, नवी सुरू. (२४ नंतरची पहिली मूळ संख्या; रोज एकाच वेळी ठोका पडू नये म्हणून घेतली म्हणतात.) आमची सेशन्स (कोण लॉगिन आहे, काय भरलंय याची माहिती) त्या प्रोसेसच्या मेमरीतच, म्हणून ती जायची. विंडोजच्या सिस्टम इव्हेंट लॉगमध्ये या रिसायकलच्या ५०७४ नंबरच्या नोंदी ओळीने बसलेल्या होत्या; मी तिकडे फिरकलोच नव्हतो.

मग इतकी वर्षं हे का झालं नाही? कारण २० मिनिटं कुणी आलं नाही की पूल झोपायचा आणि सकाळी नव्याने उठायचा. २९ तास कधी भरायचेच नाहीत. महिन्यापूर्वी "सकाळी पहिलं पान उघडायला फार वेळ लागतो" अशी तक्रार आली, तेव्हा ती २० मिनिटं ॲपकमांडने (आयआयएसची सेटिंग्ज बदलायच्या कमांडने) शून्य करून पुलाची झोप बंद करणारा मीच.

उपाय सोपा होता: ठरावीक अंतराने होणारं रिसायकल बंद करायचं आणि पहाटे ३ ची वेळ द्यायची. शाखेगणिक एक असे १४ पूल, हाताने कोण क्लिक करत बसणार? पॉवरशेल (विंडोजची स्क्रिप्टिंगची भाषा) स्क्रिप्ट लिहिली. आता बदल डिप्लॉयमेंट एजंटमार्फतच (सर्व्हरवर आपल्या वतीने बदल करणाऱ्या प्रोग्राममार्फत) करायचे असा नियम झाला होता, म्हणून तिथून चालवली. नेमकी तेव्हाच ॲपकमांड सोडून थेट ॲप्लिकेशनहोस्ट डॉट कॉन्फिग या आयआयएसच्या सेटिंग्जच्या फाइलीतल्या एक्सएमएलला (मजकुराला) हात घालायची अवदसा मला आठवली. स्क्रिप्ट शेवटी तीच फाइल वाचून खात्री करत होती. चौदाही पुलांसमोर ०३:००:०० छापून आलं. मी निवांत घरी.

मंगळवारी रात्री १० वाजता पुन्हा रिसायकल.

सर्व्हरवर जाऊन नोटपॅडमध्ये फाइल उघडली तर ३ वाजण्याचा पत्ताच नाही. एजंटमधून स्क्रिप्ट पुन्हा चालवली, तर तिला ०३:००:०० दिसतंय. पाथ (फाइलीचा पत्ता) अक्षर न अक्षर तोच. तासभर हा खेळ चालला. परवानग्या तपासल्या, कॅश (तात्पुरती साठवलेली जुनी प्रत) म्हणावं तर कसली कॅश? भानामती म्हणायचंच काय ते बाकी होतं.

शेवटी, प्रोसेस ६४ बिटची आहे का, हे विचारणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये घातली. उत्तर आलं: फॉल्स. एजंट ३२ बिटचा! आमची फाइल होती विंडोजच्या सिस्टम३२ या फोल्डरमध्ये. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा प्रोग्राम सिस्टम३२ मागतो तेव्हा विंडोज त्याला गुपचूप सिसवॉव६४ या दुसऱ्याच फोल्डरमध्ये नेऊन सोडतं. तिथे याच नावाची एक प्रत पडलेली होती, तीन वर्षांपूर्वी तयार झालेली. कुणीतरी ३२ बिटच्या एडिटरमधून सेव्ह केली असणार. ती प्रत नसती तर स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला आपटली असती आणि माझी रात्र वाचली असती.

पाथमध्ये सिस्टम३२ च्या जागी सिसनेटिव्ह (३२ बिटच्या प्रोग्रामला खऱ्या सिस्टम३२ मध्ये नेणारं नाव) लिहिलं, सिसवॉवमधल्या प्रतीचं नाव बदललं आणि ३ वाजेपर्यंत जागा राहिलो. चौदाही पूल वेळेवर फिरले.

सेशन्स मेमरीतून डेटाबेसमध्ये न्यायचं तिकीट त्याच पहाटे काढलं. अजून उघडंच आहे.